उणिवेपलीकडचे प्रेम

दीर्घ सहजीवनात स्थिरावलेल्या स्त्रीच्या मनात दुसऱ्या स्त्रीविषयी अनपेक्षितपणे प्रेम उद्भवले, तर त्याचे नैतिक समर्थन कशाच्या आधारे करावयाचे? दोन बहुचर्चित कलाकृतींनी दिलेले उत्तर एकच आहे : पतीची उपेक्षा. इस्मत चुगताई यांच्या ‘लिहाफ’ (१९४२) या उर्दू कथेतील बेगम जान नवाबाच्या दुर्लक्षामुळे रब्बूच्या जवळ येते. दीपा मेहता यांच्या ‘फायर’ (१९९६) या चित्रपटात राधेचा पती अशोक याने १३ वर्षांपासून ब्रह्मचर्य पत्करले आहे. धाकटी जाऊ सीता हिचा पतीही दुसरीत गुंतलेला आहे.

या मांडणीत सहानुभूती आहे, तशीच तडजोडही आहे. पती चांगला असता तर हे घडले नसते, असे गृहीतक तीत दडलेले असते. परिणामी स्त्रीचे प्रेम पुरुषाच्या वर्तनाची केवळ प्रतिक्रिया ठरते. खरा पेच सहचर निर्दोष असताना उभा राहतो. तेथे दोषारोपाचा आधार नाही, आणि तरीही ते प्रेम खोटे नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध व व्यभिचार हे दोन्ही गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. मात्र फौजदारी कायदा दूर झाल्याने वचनाचा प्रश्न सुटत नाही. तो त्या दोघांच्या हाती येतो, इतकेच.

प्रेम उद्भवणे ही कृती नव्हे, म्हणून तो अपराधही नव्हे. कृतीचा आरंभ होतो तो लपविण्यापासून किंवा सांगण्यापासून. ‘मी कधीच बदलणार नाही’ हे वचन कोणालाही पाळता येणार नाही. ‘बदलले तर तुला अंधारात ठेवणार नाही’ हे मात्र पाळता येते. ‘फायर’च्या अखेरीस सीता घर सोडते, पण राधा अशोकशी बोलण्यासाठी मागे थांबते. संबंध उघडकीस आल्यानंतरचे, म्हणजे उशिराचे, हे थांबणे परवानगी मागण्यासाठी नाही. ते सहजीवनाचे ऋण फेडणे आहे.

परंतु त्याच प्रसंगी तिच्या साडीला आग लागते, आणि अशोक तिला तशीच सोडून आपल्या आईला उचलून बाहेर नेतो. सत्य सांगण्याचे ओझे दोघांवर सारखे नसते, हे येथे उघड होते. जिला स्वतःचे घर नाही, मिळकत नाही, तिच्याकडून प्रांजळपणाची अपेक्षा करणाऱ्या समाजाने आधी एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे : सत्य सांगितल्यावर ती सुरक्षित राहील काय?