नौका दुरुस्त करणाराचा दोष

रायपुरात खारून नदीच्या महादेवघाटावर नौका नित्य दिसतात. अशा ठिकाणच्या एखाद्या कारागिराकडे फायबरग्लासची जुनी शिकारी नौका दुरुस्तीस आली, असे समजा. तिचे काठ अगदी बुटके. वल्हे मागच्या भोकातून पाण्यात फिरते, शिकारी आत आडवा पडून राहतो आणि बदकांना ती वाहता ओंडका वाटते. सुटलेले थर घासावे, कुजलेले लाकूड बदलावे, काचकापडावर राळेचा लेप द्यावा, एवढेच कारागिराचे काम. बंदूक तो हाती धरीत नाही. मग वधाचा दोष त्याला लागतो काय?

मनूने (५.५१) मांसाच्या प्रकरणी आठ जणांना घातक म्हटले आहे. त्यांत मारणारा, विकणारा, रांधणारा, खाणारा आहेत. साधन घडविणारा नाही. कारागीर सुटलासे वाटते. पण पहिला उल्लेख ‘अनुमन्ता’, म्हणजे संमती देणारा, याचा आहे. हेतू ठाऊक असता मजुरी घेणे ही संमती नव्हे तर काय? आणि १९७२ च्या कायद्यानुसार आता रानबदकांच्या शिकारीला राजाज्ञेचाही आधार उरलेला नाही.

काम परतविले तर चूल अडते, हेही खोटे नव्हे. ज्याचे पोट भरलेले आहे त्याने हे बोलणे सोपे. परंतु तीच नौका पक्षिनिरीक्षकालाही उपयोगी. बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदाच्या तलावांवर हिवाळी पाहुणे उतरतात. २०२१ साली तेथे पक्षिमहोत्सव भरला होता. तेव्हा राळ कालविण्यापूर्वी कारागिराने गिऱ्हाइकाला एकच विचारावे: नौकेत दुर्बीण राहणार, की बंदूक?