सहा मतांचे बहुमत आणि लोकेच्छेचा प्रश्न

निवडणुकीच्या निकालाकडे लोकशाही समाज एकाच वेळी दोन निराळ्या दृष्टींनी पाहतो, आणि या दोन दृष्टी परस्परांत इतक्या मिसळलेल्या असतात की त्यांतील भेद सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पहिल्या दृष्टीने निकाल हा निर्णय असतो. एक जागा रिकामी होती, तिच्यावर एकाहून अधिक दावे होते, आणि मोजणीने तो वाद मिटवला. दुसऱ्या दृष्टीने निकाल हा शोध असतो. लोकांच्या मनात काहीतरी आधीपासून होते आणि मोजणीने ते उघड केले. भारतीय तर्कपरंपरेत हेतूचे कारक आणि ज्ञापक असे दोन प्रकार सांगितले जातात. जो हेतू वस्तू निर्माण करतो तो कारक, जसा कुंभार घट घडवतो. आणि जो आधीच असलेली वस्तू केवळ दाखवतो तो ज्ञापक, जसा दिवा अंधारातला घट दाखवतो. मतमोजणी यांपैकी कोणत्या जातीची, हा येथील प्रश्न आहे, आणि मताधिक्य जितके लहान तितका तो टाळणे अवघड होते.

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील दुसऱ्या मतदारसंघात ३ नोव्हेंबर २०२० रोजी प्रतिनिधिगृहासाठी, म्हणजे तेथील काँग्रेस या द्विसदनी संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी, झालेली निवडणूक या प्रश्नाच्या विचाराला विशेष उपयोगी पडते. राज्याच्या आग्नेय भागातील २४ काउंटी, म्हणजे साधारण आपल्याकडील तालुक्या-जिल्ह्यांसारखे प्रशासकीय विभाग, मिळून हा मतदारसंघ बनला होता. २००७ पासून ती जागा सांभाळणारे डेमोक्रॅटिक पक्षाचे डेव्ह लोबसॅक निवृत्त होत होते. रिपब्लिकन पक्षातर्फे उभ्या असलेल्या मेरिअनेट मिलर-मीक्स या व्यवसायाने नेत्रवैद्य होत्या आणि २००८, २०१० व २०१४ अशा तीन निवडणुकांत लोबसॅक यांच्याकडून पराभूत झाल्या होत्या. डेमोक्रॅटिक उमेदवार रिटा हार्ट या राज्याच्या सिनेटच्या माजी सदस्य होत्या. मतदानानंतरच्या दिवसांत जॅस्पर काउंटीत आकडे भरताना झालेली चूक आधी उघडकीस आली आणि पुढे लुकास काउंटीतील, त्यामुळे आघाडी एकीकडून दुसरीकडे गेली आणि पुन्हा परतली. अधिकृत तपासणीत मिलर-मीक्स ४७ मतांनी पुढे होत्या. फेरमोजणीनंतर, ३० नोव्हेंबर रोजी राज्याने प्रमाणित केलेल्या निकालात, त्यांना १,९६,९६४ आणि हार्ट यांना १,९६,९५८ मते होती. फरक अवघ्या सहा मतांचा होता.

ज्ञापकवादी, म्हणजे निकालातून लोकमानस कळते असे मानणारा विश्लेषक, अशा वेळी स्थानिक आकड्यांकडे वळतो. एकूण बेरीज मुकी वाटली, तरी काउंटी आणि तिच्यातील प्रिसिंक्ट, म्हणजे एका मतदानकेंद्राला जोडलेला लहान विभाग, यांचे आकडे बोलके असतील अशी त्याची अपेक्षा असते. आयोवात असे सांगण्याजोगे पुष्कळ होतेही. विद्यापीठाचे शहर असलेली आयोवा सिटी जिच्यात येते ती जॉन्सन काउंटी डेमोक्रॅटिक पक्षाचा भक्कम गड होती. उलट मिसिसिपी नदीकाठची ली आणि डे मॉइन, तसेच आतल्या भागातील वॉपेलो, या जुन्या कामगारवस्तीच्या काउंटी २०१२ मध्ये ओबामांच्या बाजूने होत्या आणि २०१६ मध्ये ट्रम्प यांच्याकडे गेल्या. यावरून ‘कामगार मतदाराने पक्ष बदलला’ असे वाक्य सहज लिहिले जाते. ते खरेही असू शकेल; पण समोरच्या आकड्यांनी ते सिद्ध झालेले नसते. पक्ष बदलला तो काउंटीच्या बेरजेने. त्या चार वर्षांत काही मतदार वारले, काही गाव सोडून गेले, काही घरी बसले आणि काही प्रथमच बाहेर पडले. यांपैकी कोणाच्या येण्याजाण्याने बेरीज पालटली आणि कोणाच्या मनःपरिवर्तनाने, हे बेरीज सांगत नाही.

समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीविषयी अनुमान काढण्यातील या दोषाचे विवेचन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये एका प्रसिद्ध निबंधात केले. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेतील आकडे घेऊन त्यांनी दाखवले की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण अधिक तेथे निरक्षरता कमी होती, आणि तरीही व्यक्तिशः पाहता परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षरता अधिक होती. कारण हे स्थलांतरित मुळात साक्षरता चांगली असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते. नैयायिकांच्या भाषेत येथे व्याप्तीच जुळत नाही, म्हणजे ज्या नियत साहचर्यावर अनुमान उभे राहायचे ते एका पातळीवरचे असते आणि निष्कर्ष दुसऱ्या पातळीवरचा काढला जातो. निकालानंतरच्या दिवशी छापल्या जाणाऱ्या स्थानिक विश्लेषणाचा बराच मोठा भाग याच दोषावर उभा असतो, आणि तो मराठी वृत्तपत्रांतही तितकाच आढळतो.

आयोवाच्या याच मतदारसंघात जेफरसन काउंटीमध्ये फेअरफील्ड हे गाव आहे, जेथे महर्षी महेश योगी यांच्या अनुयायांचे विद्यापीठ आहे आणि जेथे असे मानणारे लोक राहतात की लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या वर्गमुळाइतक्या लोकांनी एकत्र ध्यान केले तर साऱ्या समाजाची जाणीव पालटते. या मताची टिंगल करणे सोपे आहे. परंतु समाजाला एक जाणीव असते हे त्यातील गृहीतक ‘मतदाराने सरकारला धडा शिकवला’ असे एकवचनी वाक्य लिहिणाऱ्या संपादकाचेही असते. फरक एवढाच की ध्यान करणारे आपले गृहीतक उघडपणे मांडतात.

लोकसमूहाला इच्छा किंवा ज्ञान असते या कल्पनेची सर्वांत काटेकोर मांडणी फ्रेंच गणिती काँदॉर्से यांनी १७८५ मध्ये केली. दोन पर्यायांपैकी एक वस्तुतः योग्य आहे आणि प्रत्येक मतदार निम्म्याहून अधिक वेळा स्वतंत्रपणे तो ओळखतो असे मानले, तर मतदार वाढत जातील तसे बहुमत बरोबर असण्याची संभाव्यता पूर्णत्वाकडे जाते, असा त्यांचा सिद्धान्त आहे. या गणिताचा एक चमत्कारिक परिणाम असा की मतदारांची क्षमता सारखी मानली, तर बहुमतावरचा विश्वास एकूण मतांवर नव्हे तर केवळ मताधिक्यावर अवलंबून राहतो. प्रत्येक मतदार १०० पैकी ५१ वेळा बरोबर असतो असे धरले, तर सहा मतांनी विजयी झालेला पर्याय योग्य असण्याची संभाव्यता सुमारे ५६ टक्के निघते. चार लाखांच्या आसपास लोकांनी मते दिली काय किंवा सहाच जणांनी एकमुखाने दिली काय, उत्तर तेच. शिवाय मतदार खरोखरच ५१ टक्के क्षमतेचे असते, तर ३,९३,९२२ मतांत फरक ७,९०० मतांच्या जवळपास यायला हवा होता. म्हणजे जे गृहीत धरून निकालाला ज्ञापक ठरवायचे, ते गृहीतच हा निकाल खोटे पाडतो. योग्य पर्याय मुळात एकच होता आणि लोक तो शोधत होते, ही कल्पना येथे सोडून द्यावी लागते.

रूसो यांनी १७६२ मध्ये ‘सामाजिक करार’ या ग्रंथात सर्वांच्या इच्छांची बेरीज आणि समष्टीची सामान्य इच्छा यांत भेद केला, आणि अल्पमतात गेलेल्याने आपण सामान्य इच्छा ओळखण्यात चुकलो असे मानावे, असे सुचवले. हार्ट यांना मत देणाऱ्या १,९६,९५८ जणांना हे सांगणे केवळ निष्ठुर ठरत नाही, ते निरर्थक ठरते. कारण लुकास काउंटीतील चूक सापडण्यापूर्वीच्या थोड्या काळात हेच लोक सामान्य इच्छा अचूक ओळखणारे ठरले होते. जनतेचा आवाज तोच देवाचा आवाज, या म्हणीचा उल्लेख आठव्या शतकाच्या अखेरीस अल्क्विन या विद्वान धर्मगुरूने सम्राट शार्लमेनला लिहिलेल्या पत्रात येतो, पण तो असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नये असा इशारा देण्यासाठी. आधुनिक लोकशाहीने म्हण ठेवली आणि इशारा टाकून दिला.

संख्येमागे दैवी मत असल्याची श्रद्धा जेथे खरोखर आहे तेथे ज्ञापकवाद सुसंगत असतो. कोकणातील देवळांत गुरव मूर्तीला पाकळ्या किंवा तांदूळ लावतो आणि डावीउजवीकडून काय पडते ते पाहतो, तेव्हा देवाचे मत आधीपासून आहे आणि पाकळी ते फक्त सांगते, अशी सर्वांची धारणा असते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ख्रिस्ती ग्रंथात यहूदाच्या जागी मथियाची निवड चिठ्ठ्या टाकून होते, तीही प्रार्थनेनंतर, त्याच विश्वासाने. आधुनिक कायद्याने मात्र चिठ्ठी ठेवली आणि देव वगळला. व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळातील एका जागेसाठी दोन्ही उमेदवारांना ११,६०८ मते पडली, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये एका भांड्यातून नाव काढून निकाल लावण्यात आला. मुंबई महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये समान मते पडल्यावर चिठ्ठीनेच नगरसेवक ठरला. मोजणी हे ज्ञापक साधन असते, तर समान मतांचा अर्थ लोकेच्छा अनिश्चित आहे असा झाला असता आणि चिठ्ठी काढणे हा लोकांचा उपहास ठरला असता. तसे कोणी मानत नाही, याचा अर्थ कायद्याच्या दृष्टीने मोजणी प्रतिनिधी निर्माण करते, इच्छा दाखवत नाही.

मग नेहमी चिठ्ठीच का काढू नये, हा आक्षेप येथे उभा राहतो, आणि तो गंभीर आहे. त्याचे उत्तर असे की चिठ्ठीत प्रत्येक उमेदवाराला समान संधी असते, पण मतदाराला त्यात काही करायचे नसते. मतदानात प्रत्येक मतदार सहकारी कारण असतो, म्हणजे अनेकांनी मिळून घडवलेल्या कार्यात त्याचा वाटा इतर कोणाहीइतकाच असतो. ‘सहा मतदारांनी खासदार ठरवली’ हे विधान म्हणूनच चुकीचे आहे. मिलर-मीक्स यांना १,९६,९६४ जणांनी निवडले; त्यांपैकी कोणतेही एक मत काढून घेतले तरी निकाल बदलला नसता, आणि निर्णायक सहा कोणते हे दाखवणे तर कोणालाही शक्य नाही.

बहुमताचे हे स्वरूप बौद्ध विनयाने, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारसंहितेने, फार पूर्वी ओळखले होते. चुल्लवग्गात वाद शमवण्याच्या सात रीती सांगितल्या आहेत आणि शलाका, म्हणजे मतदानाच्या काड्या, वाटून बहुमत घेण्याची ‘येभुय्यसिका’ ही त्यांतील एक आहे. बहुमताची जागा सत्य जाणण्याच्या साधनांत नसून वादशमनाच्या रीतींत आहे, ही वर्गवारी अत्यंत मार्मिक आहे. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी भिक्षुसंघांतील मतगणना आणि गुप्त मतदान यांचा उल्लेख केला तो याच परंपरेला अनुसरून. मात्र तीच संहिता शलाका वाटणाऱ्याला अशी मुभा देते की अधर्माची बाजू संख्येने अधिक भरली तर ती गणना त्याने वाईट झाली असे ठरवून पुन्हा घ्यावी. धर्म कोणता हे बुद्धवचनाने ठरलेल्या संघात हे समजण्यासारखे आहे. ते राज्यव्यवहारात आणले तर वाद शमवण्याचे साधनच वादाचे कारण बनते.

अमेरिकेत ही भीती काल्पनिक नाही, कारण तेथील संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदाने प्रत्येक सभागृहाला आपल्या सदस्यांच्या निवडणुकीचा न्याय स्वतःच करण्याचा अधिकार दिला आहे. इंडियानाच्या आठव्या मतदारसंघातील १९८४ च्या निवडणुकीत राज्याने रिपब्लिकन रिचर्ड मॅकिंटायर यांना विजयी ठरवले असताना डेमोक्रॅटिक बहुमताच्या प्रतिनिधिगृहाने त्यांना बसू दिले नाही, स्वतःची समिती नेमून मोजणी केली आणि फ्रँक मॅक्लॉस्की यांना चार मतांनी निवडून आलेले ठरवून १ मे १९८५ रोजी जागा दिली. रिपब्लिकन सदस्य निषेध करत सभागृहाबाहेर पडले. हार्ट यांनी आयोवातील न्यायालयीन मार्ग न धरता थेट प्रतिनिधिगृहाकडे दाद मागितली. आपल्या २२ वैध मतपत्रिका मोजल्याच गेल्या नाहीत आणि वेगवेगळ्या काउंटींनी फेरमोजणी वेगवेगळ्या पद्धतींनी केली, ही त्यांची तक्रार क्षुल्लक नव्हती. सहा मतांच्या फरकात २२ मतपत्रिका पुरेशा होत्या. पण तक्रार रास्त असली तरी दरवाजा चुकीचा होता, कारण न्याय करणाऱ्यांचे पक्ष आधीच ठरलेले होते. भारतात अशी याचिका उच्च न्यायालयात जाते. मुंबई वायव्य मतदारसंघातील २०२४ च्या ४८ मतांच्या निकालाविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, आणि तो निवाडा कोणाला पटो न पटो, तो देणारे त्या निवडणुकीतील पक्षकार नव्हते.

मिलर-मीक्स यांना जानेवारी २०२१ मध्ये तात्पुरती शपथ देण्यात आली आणि हार्ट यांनी ३१ मार्च २०२१ रोजी अर्ज मागे घेतला. त्याच वर्षी २०२० च्या जनगणनेनुसार आयोवाचे मतदारसंघ नव्याने आखले गेले आणि त्या २४ काउंटी निरनिराळ्या मतदारसंघांत विभागल्या गेल्या. ज्या समूहाची इच्छा सहा मतांनी प्रकट झाली असे सांगितले जात होते, तो समूह एका नकाशाने घडवला होता आणि दुसऱ्या नकाशाने मोडला. मिलर-मीक्स २०२२ मध्ये नव्या पहिल्या मतदारसंघातून निवडून आल्या, आणि २०२४ मध्ये त्याच जागेवर सुमारे ८०० मतांनी.