अदृष्ट आणि न पाहिलेलें

आपल्या भाषेंत ‘अदृष्ट’ हा शब्द दैव या अर्थानें रूढ झाला आहे. जें घडलें त्याचें कारण हातीं लागलें नाहीं, म्हणजे ‘अदृष्टांत होतें’ असें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु शब्दाचा मूळ अर्थ एवढाच कीं, जें दिसलें नाहीं तें अदृष्ट. आतां एखादी गोष्ट दिसण्याजोगीच नसणें आणि ती दिसण्याजोगी असून आपण न पाहणें, या दोहोंत मोठें अंतर आहे. आणि व्यवहारांत हें अंतर आपण बहुधा आपल्या सोयीनें पुसून टाकतों. या भेदाचा विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर नुकताच आला. तो एखादा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ चाळतांना आला नाहीं. घरामागील छपरांत, एका जुन्या मोटारीखालीं उताणे पडलों असतां आला, हें वाचून वाचकांस थोडें हसूं येईल. आमची त्यास हरकत नाहीं.

ही मोटार म्हणजे 1976 सालची प्रीमियर पद्मिनी. मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या मुंबईंतील कुर्ल्याच्या कारखान्यांत या गाड्या तयार होत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून ती 2023 च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. आमच्याकडे मात्र श्वशुरांची ठेव म्हणून ती धाराशिवांत अजून चालते. वर्षांतून आठदहा वेळां ती बाहेर निघते: एखाद्या लग्नास, पाहुण्यांना नळदुर्गचा किल्ला दाखविण्यास, आणि नवरात्रापूर्वीं तुळजापुरास. खंडेनवमीस तिला झेंडूची माळ पडते, हळदकुंकू वाहिलें जातें. पूजा होते ती अर्थात् वरच्या अंगाची. खालीं वांकून कोणी पाहत नाहीं.

गाडीचा खरा भरंवसा मात्र खालींच असतो. ब्रेकचें पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरांतील तेलावर दाब पडतो. आणि बंद भांड्यांतील द्रवावर पडलेला दाब सर्व दिशांस सारखाच पसरतो, या पास्कलनें सतराव्या शतकांत सांगितलेल्या नियमानें, बोरूहूनही बारीक अशा लोखंडी नळ्यांतून तो चारही चाकांस पोंचतो. नव्या गाड्यांत या नळ्यांचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा निम्मा आधार देतो. आमच्या गाडींत मार्ग एकच. एका ठिकाणीं टांचणीच्या टोंकाएवढें भोंक पडलें तरी चारही चाकांचा ब्रेक जातो, आणि उरतो तो हातब्रेक.

धाराशिवासारख्या कोरड्या जिल्ह्यांत नळी गंजावी कशी, असें कोणी विचारील. ज्या देशांत हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ पसरतात, तेथें हा रोग नित्याचा आहे. परंतु गंजाच्या दृष्टीनें पाणी किती मिळालें यापेक्षां तें किती काळ टिकून राहिलें याला महत्त्व अधिक. नळी जेथें क्लिपेनें तळाशीं धरलेली असते, तेथें पावसाळ्यांतील काळा चिखल अडकतो. तो वरून वाळतो व आंतून ओला राहतो. शिवाय ब्रेकचें तेल स्वभावतःच हवेंतील ओलावा शोषून घेणारें आहे. तें वर्षानुवर्षें बदललें नाहीं तर नळी आंतूनही खाल्ली जाते. आणि घाटांत ब्रेक तापले म्हणजे त्याच ओलाव्याची वाफ होऊन ऐन वेळीं पेडल पोकळ लागतें.

हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. गेल्या वर्षीं दसऱ्यापूर्वीं चाक बदलतांना मागील नळीवरचे तांबूस पापुद्रे आम्हीं पाहिले होते. पाहिले, नखानें खरवडले, आणि ‘अजून चालेल’ असें म्हणून हात धुतले. त्यानंतर आठवड्यानें शेजारचे अण्णा, त्यांची सून आणि सहा वर्षांची नात यांना घेऊन आम्ही तुळजापुरास गेलों, आणि दर्शन घेऊन घाट उतरून सोलापुरासही जाऊन आलों. कांहीं झालें नाहीं. परत येतांना मुलगी मागल्या बांकावर झोंपी गेली होती.

यंदा ज्येष्ठांत गाडी छपराबाहेर काढतांना पेडल एकदम तळाला गेलें. हातब्रेक ओढला, भिंत हातभर राहिली असतां गाडी थांबली. खालीं पाहतों तों तेलाचा डाग, आणि गेल्या वर्षीं खरवडलेल्या बरोबर त्याच जागीं नळी पाझरत होती.

इंग्लंडांतील गणिती क्लिफर्ड यानें 1877 सालीं श्रद्धा बाळगण्याच्या नीतीविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या आरंभीं एका जहाजमालकाची कल्पित कथा आहे. जहाज जुनें, पुष्कळदां डागडुजी केलेलें. त्यांतून परदेशीं वसतीस निघालेलीं कुटुंबें जावयाचीं. मालकाच्या मनांत शंका येते. पण जहाज आजवर इतक्या सफरींतून सुखरूप परतलें आहे, आणि ईश्वर या कुटुंबांचें रक्षण करील, अशा विचारांनीं तो ती शंका दडपतो. अखेर त्याचा विश्वास खरोखरच प्रामाणिक होतो. जहाज मात्र बुडतें. क्लिफर्डचें म्हणणें असें कीं, हा मनुष्य त्या मृत्यूंना जबाबदार आहे. कारण विश्वास प्रामाणिक असला तरी तो बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता. एवढें बहुतेकांस पटतें. पण तो आणखी पुढें जातो: जहाज सुखरूप पोंचलें असतें तरी मालकाचा दोष तिळमात्र कमी झाला नसता. वर्गांत या ठिकाणीं विद्यार्थी नेहमीं अडखळतात, आणि आम्ही त्यांना तें मोठ्या आत्मविश्वासानें समजावून देत आलों. त्या जहाजमालकाचें काम गेलें वर्षभर आम्हीच करीत होतों, हें कळण्यास गाडीखालीं पडावें लागलें.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो क्षुल्लक नाहीं. सर्व कांहीं तपासल्यावांचून पाऊल उचलूं नये असा दंडक घातला तर मनुष्यास उंबरठा ओलांडणेंही अशक्य होईल. मग दैव कोठें संपतें आणि कर्तव्य कोठें सुरू होतें? याचें उत्तर आम्हांस आमच्याच जिल्ह्यानें दिलें आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र सरतां सरतां, लातुरांतील किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यांतील सास्तूर या परिसरांत भूकंप झाला आणि सुमारें दहा हजार माणसें गेलीं. त्यांतील बहुतेक मातींत रचलेल्या जाड दगडी भिंतींखालीं व छपरांवरील मातीच्या ओझ्याखालीं चिरडलीं. उन्हाळ्यांत गारवा देणाऱ्या त्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या आधारच वाटत आल्या होत्या. हा भूभाग स्थिर आहे असाच जाणत्यांचाही समज होता. त्या भिंती रचणाऱ्या हातांस दोष देणें अन्याय होईल. तें खरें अदृष्ट. परंतु त्या पहाटेनंतर जो कोणी तशीच भिंत पुन्हां उभारील, त्याला तो शब्द वापरतां येणार नाहीं. जाणण्याची संधि मिळाली कीं दैवाची हद्द संपते. आमच्या नखाला तांबूस भुकटी लागली, त्याच क्षणीं ती हद्द संपली होती.

दुरुस्तीचा विचार सुरू झाला तेव्हां सोयीचे सल्ले पुष्कळ मिळाले. एकानें सांगितलें, गंजलेला वीतभर तुकडा कापून तेवढाच नवा जोडा, तासाभराचें काम. दुसरा म्हणाला, तांब्याची नळी घाला. ती हातानें वळते आणि गंजतही नाहीं. परंतु जी नळी एका जागीं गंजली, तिचा उरलेला भागही त्याच चिखलांत आणि त्याच तेलासह तितकींच वर्षें राहिलेला. आणि नुसतें तांबें सततच्या हादऱ्यांनीं कठीण होऊन तडकतें. म्हणून गंजरोधक मुलामा दिलेल्या पोलादी नळ्या आणून सगळ्याच बदलावयाच्या, आणि काम स्वतः करावयाचें, असें आम्हीं ठरविलें. यांत काटकसर नव्हती. खरें सांगावयाचें तर थोडें प्रायश्चित्त होतें.

काम सोपें नव्हतें. जुने नट फिरेनात, तेव्हां नळ्या कापून काढाव्या लागल्या. जुन्या नळीच्या वळणाबरहुकूम नवी वळवावी लागते, आणि जोडापाशीं तिचें तोंड दुहेरी दुमडून पसरावें लागतें. ही दुमड किंचित् वांकडी पडली तर ती डोळ्यांस दिसत नाहीं. पेडलावर जोरानें पाय पडला म्हणजे मग तेल पाझरतें. आमचीं पहिलीं चार तोंडें बिघडलीं. पांचवें बरें दिसलें. पण ‘बरें दिसतें’ हे शब्द तोंडीं येतांच गेल्या वर्षीचें ‘अजून चालेल’ आठवलें, आणि तेंही कापून टाकलें. दोन रविवार यांत गेले. शेवटीं नवें तेल भरून, सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करून नळ्यांतील हवा काढली; पेडल दाबावयास आमच्या सौभाग्यवती बसल्या होत्या. काम संपल्यावर त्यांनीं विचारलें, “आतां पक्कं झालं ना?” या साध्या प्रश्नाला आम्हांस ‘हो’ म्हणवेना.

स्वावलंबन हा सद्गुण खरा. पण आपल्या कामाचें आपणच परीक्षक होणें हा त्याचा भाग नव्हे. ज्यानें स्वतःच्या लेखाचीं मुद्रितें तपासलीं आहेत त्याला हें ठाऊक असतें कीं, आपली चूक आपल्याच डोळ्यांस सर्वांत शेवटीं दिसते. जेथें चुकीचें मोल केवळ आपणांस द्यावयाचें असतें, तेथें हा अभिमान क्षम्य आहे. जेथें मागल्या बांकावर दुसऱ्याचें मूल बसणार, तेथें नाहीं. म्हणून गांवांतील एका वृद्ध मिस्त्रींस आम्हीं बोलाविलें. त्यांनीं दिवा धरून प्रत्येक जोड पाहिला, सौभाग्यवतींस पेडल दाबून धरावयास लावलें, एक नट थोडा आवळला, आणि मग सायलेन्सराजवळ बोट ठेवून म्हणाले, “सर, हितं तापंल नळी. जरा लांब घ्या.” ती चूक आम्हीं चार वेळां पाहूनही पाहिली नव्हती.

एक हिशेब उरला होता. अण्णांस सांगावें कीं न सांगावें? नळ्या नव्या झाल्या होत्या. घडलें कांहींच नव्हतें. वृद्ध मनुष्यास उगीच धक्का कशाला, असा युक्तिवाद मन करूं लागलें. तो ऐकतांना आवाज ओळखीचा वाटला, जहाजमालकाचाच तो. संध्याकाळीं जाऊन आम्हीं सर्व सांगितलें. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग एवढेंच विचारलें, “सर, तुम्हाला माहीत होतं?” आम्ही म्हणालों, “होतं.” ते रागावले नाहींत. “देवीनंच राखलं म्हणायचं,” असें म्हणून त्यांनीं चहा मागविला. आठ दिवस त्यांची नात आमच्या अंगणांत खेळावयास आली नाहीं, नंतर आली. गाडींत बसण्याविषयीं आम्हीं अजून विचारलेलें नाहीं. तो निर्णय आतां त्यांचा आहे. गेल्या वर्षीं तो आम्हीं त्यांना न विचारतां घेऊन टाकला होता.

देवीनें राखलें असेल. तें नाकारण्याचा आमचा हेतु नाहीं. पण राखण्याचें तें काम तिच्यावर ढकलण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. प्रत्येकाच्या संसारांत अशी एखादी नळी असते, जिच्यावर दुसऱ्यांचा भार असतो आणि जी पाहणें केवळ आपल्याच हातीं असतें. तिच्याविषयीं ‘अदृष्ट’ हा शब्द उच्चारण्यापूर्वीं आपण एकदां खालीं वांकलों होतों कीं नाहीं, एवढें ज्यानें त्यानें स्वतःस विचारावें. यंदाच्या खंडेनवमीस गाडीला माळ पडेलच. त्यापूर्वीं दिवा घेऊन आम्ही खालीं पाहून घेणार आहों.