वासनेचा कापूर
डिसेंबर 1935. वर्ध्याला गांधीजींच्या भेटीला मार्गारेट सँगर आल्या होत्या. संततिनियमनाच्या प्रचारापायी अमेरिकेत तुरुंगात जाऊन आलेल्या या बाईंना साधनांच्या वापराला गांधीजींचा निदान अर्धा होकार हवा होता. तो मिळाला नाही. अपत्याच्या इच्छेखेरीज पतिपत्नींनीही एकत्र येऊ नये आणि वाचलेली शक्ती सेवेला लावावी, यावर गांधीजी ठाम राहिले. शक्ती अशी वर वळवण्याला इंग्रजीत एक क्रियापद आहे, सब्लिमेट. मूळचं ते रसायनशाळेतलं.

स्थायू पदार्थ न वितळता थेट वायू होतो आणि थंड जागा सापडली की पुन्हा स्थायू होऊन बसतो. शाळेत याला संप्लवन म्हणतात, वैद्य ऊर्ध्वपातन म्हणतात. देवघरातली कापराची डबी बरेच दिवसांनी उघडावी. वड्या झिजलेल्या असतात आणि झाकणाला आतून बारीक पांढरे कण चिकटलेले असतात. मकरध्वज करताना पारा, गंधक आणि सोनं एकत्र खलून काचकुपीत घालतात आणि कुपी वाळूत ठेवून तापवतात. औषध जमतं ते कुपीच्या गळ्याशी. सोनं बहुतेक तळालाच राहतं.

आता झाकणावरचा तो कापूर कापूरच असतो. स्थिती बदलली, द्रव्य तेच. मग वासनेचं सब्लिमेशन झालं असं म्हणणाऱ्याला नेमकं काय म्हणायचं असतं? वासना संपली, की तीच दुसरीकडे जाऊन बसली?

नित्शेनं 1878 साली ‘ह्यूमन, ऑल टू ह्यूमन’च्या पहिल्याच परिच्छेदात कल्पना आणि भावनांचं रसायनशास्त्र मागितलं. उदात्त भावनेतही मूळ द्रव्य असतंच, फक्त ते इतकं विरळ झालेलं असतं की फार बारकाईनं पाहणाऱ्यालाच दिसावं, असा त्याचा रोख. फ्रॉइडनं सब्लिमेट हे क्रियापद कामप्रेरणेला लावलं आणि 1910 मध्ये लिओनार्दोची ज्ञानाची भूक त्याच्याच आधारे उलगडू पाहिली. मात्र त्याआधीच, 1908 च्या एका लेखात, त्यानं बजावून ठेवलं होतं की यंत्रात सगळी उष्णता जशी कामी येत नाही तसंच इथेही आहे. हे मोजक्यांना साधतं आणि त्यांनाही अधूनमधूनच. फ्रॉइडचा दाखला देणारे हे वाक्य सोयीनं गाळतात.

1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांना तर गांधीजींचं ब्रह्मचर्याचं हे गुणगानच अशास्त्रीय वाटे.

गांधीजींची बाजू अवघड केली ती मात्र स्वतः गांधीजींनीच. ब्रह्मचर्याचं व्रत 1906 चं. सँगरबाई जाऊन काही आठवडे होतात न होतात तोच, मुंबईत वासना जागी झाली आणि ते हादरले. ही गोष्ट त्यांनी दडपली नाही, पुढे ‘हरिजन’ साप्ताहिकात छापली. व्रत तीस वर्षांनी फसलं, असं टीकाकाराला म्हणता येईल. पण मूळ द्रव्य शाबूत आहे हे ज्याला दिसलं आणि ज्यानं ते चारचौघांत सांगितलं, त्याच्याइतका सच्चा साक्षीदार नित्शेलाही मिळाला नसता.

भक्तिमार्गानं हा पेच जरा वेगळ्या तऱ्हेनं हाताळला. नारदभक्तिसूत्रं काम, क्रोध, अभिमान मारून टाका असं म्हणत नाहीत. करायचेच तर देवाच्याच ठायी करा, म्हणतात. ज्ञानदेवांच्या विरहिणीत किंवा एकनाथांच्या गौळणीत शृंगार लपवलेला नाही. ओढ तीच, ती ज्याच्याकडे धावते तो बदललेला. द्रव्य पालटल्याचा दावाच नसल्यामुळे ही भूमिका ब्रह्मचर्याच्या व्रतापेक्षा जास्त टिकाऊ वाटते. पण तिला एक अट आहे. ती ओढ घेणारा कुणीतरी समोर हवा. फ्रॉइडच्या मांडणीत त्या जागी कला आहे, विज्ञान आहे; विटेवर कुणी उभं नाही. वीट रिकामी आहे असं मानणाऱ्यानं ती ओढ न्यायची कुठे, हा प्रश्न सूत्रकाराला पडलाच नव्हता.