दुसरी अनारकली

एखाद्या गोष्टीवर प्रेम असणे आणि तिच्यावर हक्क असणे, या दोन गोष्टी आपण फार लवकर एक करून टाकतो. के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ १९६० साली मुंबईच्या मराठा मंदिरात झळकला. पुढे २०१६ साली फिरोज अब्बास खान यांनी मुंबईतच त्याचे संगीत नाटक रंगभूमीवर आणले. कथा तीच, नौशाद यांच्या चालीही त्याच. मग रसिकाच्या मनात सहजच प्रश्न येतो : मधुबालेच्या जागी दुसरी कोणी उभी राहायची तरी कशी?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आसिफ, मधुबाला, नौशाद यांपैकी कोणीही आज हयात नाही. त्यांची संमती आता कोण आणणार? शिवाय लोकांच्या आठवणींवर तिकिटे खपविणे हा सोपा व्यापार आहे, हा आक्षेपही अगदीच खोटा नव्हे.

पण ज्या अनारकलीला आपण मूळ म्हणतो, ती तरी कोठून आली? इम्तियाज अली ताज यांनी १९२२ साली तिच्यावर नाटक लिहिले होते. पडद्यावर जाण्यापूर्वी ती नाटकातच नांदत होती. तेव्हा २०१६ साली ती सासरी गेली म्हणण्यापेक्षा माहेरी आली म्हणणेच बरे.

आणि नाटकाचा धर्मच निराळा. आपल्या ‘सौभद्रा’त भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा ज्यांनी ऐकली, त्यांच्यापैकी कित्येकांना पुढे बालगंधर्वांची सुभद्राही ऐकावी लागली. प्रथम नाके मुरडली गेली असतील. पण सुभद्रा कोणा एकाची राहिली नाही, म्हणून तर ती टिकली. रंगभूमीवर भूमिका नटाहून दीर्घायुषी असते. चित्रपटाने मात्र भूमिका आणि चेहरा यांची कायमची गाठ मारून टाकली. त्या गाठीलाच आपण निष्ठा म्हणू लागलो.

आजीची पैठणी पेटीत घडी घालून ठेवली, तर ती घडीवरच विरते. नेसावी, तर डाग पडण्याची भीती. घरोघरी हा पेच असतो. येथे तर तोही नाही. नाटक झाले म्हणून चित्रपटाची एक चौकटही पुसली गेली नाही. मधुबाला आहे तिथेच आहे. धक्का बसला तो आपल्या मालकीला. ‘आमच्या वेळची अनारकली’ या शब्दांतल्या ‘आमच्या’ला.

म्हणजे कोणीही उठावे आणि काहीही करावे, असे नव्हे. एक कसोटी आहे. नव्याने स्वतःचे काही पणाला लावले आहे का? जुनी ध्वनिमुद्रिका लावून नुसते ओठ हलविले असते, तर ते उसने ऐश्वर्य झाले असते. चित्रपटात रूप मधुबालेचे आणि गळा लताबाईंचा होता. नाटकात प्रियांका बर्वे, नेहा सरगम यांच्यासारख्या गायिकांनी अनारकली उभी केली. स्वतःच नाचायचे, स्वतःच गायचे. दम लागला तर सावरून घ्यायला दुसरा गळा नाही. पडद्यावरची अनारकली शीशमहालात बादशहासमोर कधीच बेसूर होणार नाही. रंगमंचावरची मात्र होऊ शकते. निर्भयतेचे गाणे म्हणताना तिला खरोखरच भय वाटू शकते, आणि तरीही ती गाते. मला वाटते, तिचा अधिकार तिथेच सिद्ध होतो.

उरते ते आपले कर्तव्य. तिला मधुबालेशी न मोजता ऐकणे. हे सोपे नाही. आठवण आपल्या आधीच खुर्चीत येऊन बसलेली असते. पण उद्या घरातली एखादी मुलगी अनारकली म्हटल्यावर दुसराच चेहरा आठवू लागली, तर तिला चूक ठरविण्याची घाई करू नये. तिच्या तोंडी ती कथा आहे, एवढे पुरे. मग हवे तर तिला जवळ बसवावे आणि आपली अनारकली दाखवावी.