पकडून सोडलेला मासा

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या ईशान्य कोपऱ्यात हार्लेम मीअर नावाचे सुमारे ११ एकरांचे तळे आहे. काठावरच्या डेना केंद्रात हंगामात बांबूची काठी काही वेळापुरती मिळते आणि आमिषाला मक्याचे दाणेही मिळतात. बास, सनफिश, कॅटफिश, कार्प असे मासे गळाला लागतात. गळाच्या टोकाला उलटा काटा नसावा, दोरीला शिशाचे वजन बांधू नये आणि मिळालेला मासा तिथल्या तिथे पाण्यात सोडावा, असे इथले नियम आहेत. मासा घरी नेता येत नाही.

स्वित्झर्लंडचा कायदा याच्या नेमका उलट आहे. तिथल्या २००८ च्या प्राणीसंरक्षण नियमावलीनुसार, परत सोडायचा म्हणूनच मासा पकडणे निषिद्ध आहे. जर्मनीचा कायदाही प्राण्याला वेदना देण्यासाठी वाजवी कारण मागतो. खाण्यासाठी मासे धरणे हे कारण तिथे मान्य आहे, निव्वळ करमणूक हे वादग्रस्त. न्यूयॉर्क आणि युरोप, दोन्हीकडचे नियम दयेपोटीच झाले आहेत. फरक इतकाच, की एक नियम माशाचे पुढे काय झाले ते पाहतो आणि दुसरा माणसाने ते कशासाठी केले ते विचारतो. खेळ म्हणून मासा पकडून सोडणे ही दया की हिंसा, या प्रश्नाचे उत्तर यांतला कोणता निकष धरायचा यावर ठरते.

माशाला वेदना होत नसतील तर प्रश्न बराच हलका होतो. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये रेनबो ट्राउटच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा अ‍ॅसेटिक आम्ल टोचून पाहिले. आम्ल टोचलेले मासे तळाच्या खडीवर ओठ घासू लागले. विष किंवा आम्ल टोचलेले मासे जागच्या जागी डुलत राहिले आणि नुसते मीठपाणी टोचलेल्या माशांपेक्षा खूप उशिरा खाण्याकडे वळले. इजेची जाणीव मेंदूकडे नेणारे मज्जातंतू त्यांच्या डोक्याच्या भागात सापडले. माशाला निओकॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाह्य थर, नसतो, म्हणून हा केवळ शरीराचा प्रतिसाद आहे, जाणती वेदना नव्हे, असे जेम्स रोझ यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात. वाद मिटलेला नाही. पण शंकेचा फायदा कोणाला द्यायचा, हे शास्त्राने नव्हे, नीतीने ठरवायचे असते. आणि ज्याच्या ओठात गळ अडकला आहे, त्यालाच तो फायदा मिळाला पाहिजे.

शिवाय सोडलेला मासा पूर्वीसारखाच राहतो असेही नाही. झुंजताना त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते. कोरड्या हातांनी धरले की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोगजंतूंना वाट मिळते. हवेत कल्ल्यांची नाजूक पाती एकमेकांना चिकटतात आणि श्वास कोंडतो. उन्हाळ्यात उथळ तळ्याचे पाणी तापून त्यातला प्राणवायू कमी झालेला असतो, तेव्हा धोका अधिक. उलटा काटा नसलेला गळ, ओले हात, चटकन सोडणे यांनी इजा खरोखर कमी होते. पण कारणाचा प्रश्न तसाच राहतो.

भारतीय विचारात त्यावर बराच प्रकाश पडतो. उदान या पाली ग्रंथात, श्रावस्ती आणि जेतवन यांच्या दरम्यान मासे छळणारी मुले बुद्धांना भेटतात. तुम्हाला दुःखाची भीती वाटते का, दुःख नकोसे आहे का, एवढेच ते विचारतात. मुले होय म्हणतात, आणि उपदेश तिथूनच सुरू होतो. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे रागद्वेषाने किंवा बेफिकिरीने केलेली कृती, आधी येतो. या कसोटीला मासा शेवटी जिवंत राहिला हे पुरेसे उत्तर ठरत नाही.

महाभारतातल्या अनुशासनपर्वातली च्यवन ऋषींची कथा याहून खोल जाते. गंगा-यमुनेच्या संगमात ते बारा वर्षे पाण्यात राहतात. मासे इतके निर्धास्त होतात की त्यांच्या ओठांचा वास घेतात. एक दिवस कोळ्यांच्या जाळ्यात माशांबरोबर तेही वर येतात, अंगावर शेवाळ आणि शिंपले. भोवती मासे तडफडताना पाहून ते सुस्कारे सोडतात आणि सांगतात, जगलो तर यांच्याबरोबर, मेलो तर यांच्याबरोबर. पण कोळ्यांना ते शाप देत नाहीत. नहुष राजा त्यांचे मोल म्हणून गाय देतो आणि अखेर मासे व कोळी दोघेही स्वर्गाला जातात. वनपर्वातल्या धर्मव्याधालाही असेच मानाचे स्थान आहे: तो मांस विकतो आणि नांगरणीतही जीव मरतात याची आठवण करून देतो. पोटासाठी होणारी हिंसा इथे दुःखाने स्वीकारली आहे. मनोरंजनाला ती सवलत मिळत नाही. म्हणून उदरनिर्वाहासाठी जाळे टाकणारा कोळी, मासा मारूनही, हौसेने गळ टाकून मासा सोडणाऱ्यापेक्षा नैतिकदृष्ट्या अधिक भक्कम पायावर उभा राहतो.

छंदाच्या बाजूने एक मुद्दा मात्र वजनदार आहे. शहरातल्या मुलाला तळ्यात जिवंत जग आहे हे गळामुळे कळते, आणि ज्याची ओळख झाली ते जपावेसे वाटते. हे खरे आहे. हार्लेम मीअरसारखी ठिकाणे त्याच हेतूने चालतात. पण ओळखीला गळच लागतो असे नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथे वरदायिनी देवीच्या नावाने राखलेल्या डोहात महसीर मासे कोणी धरत नाही. लोक चुरमुरे टाकतात, मासे वर येतात, आणि लहान मुलेही ते हातभर अंतरावरून पाहतात. नदीतल्या इतर ठिकाणच्या मासेमारीला मात्र ही श्रद्धा आडवी येत नाही.