उत्तर बरोबर, पण रीत?



दहावीची परीक्षा जवळ आली की चर्चच्या अभ्यासिकेतले दिवे उशिरापर्यंत चालू असतात. परवा तिथे आम्ही एका मुलाची बीजगणिताची वही पाहिली. आयताची लांबी रुंदीपेक्षा ३ मीटरने जास्त, क्षेत्रफळ ४० चौरस मीटर. तर बाजू काढा. उत्तर अचूक होते : रुंदी ५, लांबी ८. या वर्गसमीकरणाची मुळे दोन येतात, ५ आणि उणे ८. “उणे ८ का सोडलंस?” आम्ही विचारले. मुलगा गप्प. मग म्हणाला, “फादर, गाईडमध्ये तसंच आहे. उत्तर बरोबर आहे ना? मग मी कोणाचं काय नुकसान केलं?”

प्रश्न सोपा नाही. त्याने कोणाच्या खिशात हात घातलेला नाही. पण वही म्हणजे शिक्षकांना दिलेला शब्द असतो : ‘हे मला येतं.’ त्या शब्दावर विसंबून शिक्षक पुढचा धडा घेतात आणि मूल मागेच राहते. सोडवलेले उदाहरण पाहणे हा काही गुन्हा नव्हे. ते पाहून, गाईड मिटून, पुन्हा स्वतः सोडवले तर ती शिकण्याचीच रीत आहे.

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो : २ फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढशील? मुलगा म्हणतो, बाजू ४. क्षेत्रफळ चौपट होते. मग म्हणतो ३. तेही चुकते. शेवटी तो कबूल करतो, ‘मला येत नाही.’ सॉक्रेटिसच्या मते ही त्याची प्रगतीच आहे. त्यानंतरच त्याला कर्णावरचा चौरस सापडतो. नकललेले उत्तर ही कबुलीच हिरावून घेते.

हे फक्त शाळेपुरते नाही. समजा, पाच घरांचे मासिक उत्पन्न ८, १०, १०, १२ आणि ६० हजार रुपये आहे. मध्य येतो २० हजार, मध्यक १० हजार. दोन्ही आकडे बरोबर. पण ‘सरासरी २० हजार’ धरून कोणी वर्गणी ठरवली, तर चार घरांवर अन्याय होईल. भागाकार चुकला म्हणून नव्हे, तर आकडा कसा आला हे कोणी विचारले नाही म्हणून.

पालकहो, मुलाला उद्या शिक्षा होऊ नये म्हणून रात्री त्याचा गृहपाठ तुम्ही पूर्ण करता. त्यामागची माया आम्हांला कळते. पण त्या मायेने मूल परीक्षेच्या बाकावर एकटेच पडते. आज रात्री ‘किती आलं?’ असे न विचारता ‘कसं काढलंस?’ असे विचारून पाहा. तुम्हांला बीजगणित येत नसले तरी चालेल.

त्या मुलाला उत्तर सांगण्याचा मोह आम्हांलाही झाला होता. तो आवरून आम्ही त्याला फक्त आयत काढायला सांगितला. त्याने बाजूवर ‘उणे ८’ लिहिले, क्षणभर पाहिले आणि हसला. “फादर, रुंदी उणे कशी असेल?”

ते उत्तर मात्र त्याचे स्वतःचे होते.

आपले,
धर्मगुरू